सोळा लिटरची नदी

माझी बायको पाणी खात्यात मोजणीदार आहे. पुलाच्या खांबावर एक पांढरी मोजपट्टी बसवलेली आहे, ती रोज सकाळी आठ वाजता वाचायची आणि नदीची पातळी नोंदवहीत लिहायची, हे तिचं काम. बावीस वर्षं ती हे करते आहे. पट्टीवर शेवाळ धरलं की तारेच्या ब्रशाने घासते, आकडे पुसट झाले की स्वतः रंगवते. लोक तिला 'पट्टीवाली' म्हणतात आणि मला 'पट्टीवालीचा नवरा'. पुलाच्या तोंडाशी माझं पंक्चरचं दुकान आहे. तेही जुनंच, पण त्याचं नाव काही कुणाच्या लक्षात राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी खात्याने त्याच खांबाला एक लोखंडी नळी बसवली. तळहाताएवढी रुंद, दोन पुरुष उंच, खालचं तोंड नदीत बुडालेलं. आत वायरीला लटकवलेला सेन्सर. नदीचं पाणी खालून नळीत शिरतं, बाहेर जेवढी पातळी तेवढीच आत, आणि दर पंधरा मिनिटांनी सेन्सर तो आकडा कार्यालयाच्या स्क्रीनवर पाठवतो. कार्यालयातून तो लोकांच्या मोबाइलवर जातो. पाणी मीटरभराच्या वर असेल तर हिरवा रंग, खाली गेलं की पिवळा, आणि साठ सेंटिमीटरच्या खाली लाल. लाल झाला की दोन्ही काठांवरचे सगळे पंप बंद करायचे, असा नियम. त्या दिवसापासून बायकोची नोंदवही 'फक्त तुलनेसाठी' उरली. तुलना वर्षातून एकदा होते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला नदी उतरायला लागली. ती दर वर्षीच उतरते, त्यात नवल नव्हतं. पण एका सकाळी बायको पायऱ्या चढून थेट दुकानात आली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या मोबाइलवर बघा बरं, नदी किती दाखवतेय?"

मी बघितलं. "दोन मीटर दहा. हिरवा."

"पट्टीवर एक मीटर चार आहे."

"मग तुझं चुकलं असेल," मी टायर फिरवत फिरवत म्हणालो. वीस वर्षांच्या संसारानंतर माणसाने असं बोलू नये हे मला कळायला हवं होतं. तिने मला हाताला धरून खाली नेलं आणि पट्टीसमोर उभं केलं. एक मीटर चार होतं.

झालं होतं ते साधंच. नळीच्या खालच्या तोंडात गाळ बसला होता. आतलं पाणी आत कोंडलं गेलं होतं, दोन मीटर दहावर, आणि बाहेरची नदी आपली खाली खाली चालली होती. सेन्सर बिचारा खरंच सांगत होता. तो नळीतल्या पाण्याबद्दल सांगत होता एवढंच.

बायकोने कार्यालयात फोन लावला. तिथे एक तरुण अभियंता आहे. त्याच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सिस्टिम'ने होते, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव सिस्टिमसाहेब.

"सिस्टिममध्ये तुमचा सेन्सर चालू दिसतोय, ताई."

"चालू आहे हो साहेब, पण चुकीचं दाखवतोय. नळी तुंबलीय."

"सिस्टिममध्ये तक्रार टाका."

तिने तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सेन्सर चालू असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. तिने पुन्हा टाकली. पुन्हा बंद. पाचव्यांदा तक्रार बंद झाली तेव्हा सोबत एक प्रश्न आला होता, आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?

दरम्यान काठावरचे पंप दिवसरात्र चालू होते. दगड कापायचे कारखाने होते, गालिचे धुणारे होते, आणि आमचा धाकटा भाऊ होता. त्याची रोपवाटिका आहे, आठेक हजार रोपं. आम्ही एकाच आवारात राहतो, मधे एक भिंत. बायकोने त्याला सांगून बघितलं.

"भाऊजी, जरा आवरतं घ्या. नदीत पाणी राहिलं नाही."

त्याने खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. "वहिनी, हिरवा आहे. मी काय चोरी करतोय का?"

"मोबाइल कशाला बघता? नदी बघा ना!"

"नदी बघून पंप बंद केला आणि बाकीच्यांनी चालू ठेवला, तर माझी रोपं मरतील आणि त्यांचं फावेल. सगळ्यांचा बंद होऊ दे, माझाही होईल."

यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ती आणखी चिडली.

पट्टीवर वीस सेंटिमीटर राहिले तेव्हा आम्ही स्कूटरवरून कार्यालयात गेलो. दीड तासाचा रस्ता. तिने रोजचे फोटो मोठे करून नेले होते. सिस्टिमसाहेबाच्या टेबलामागे भिंतभर स्क्रीन होता. त्यावर निळी रेघ, डावीकडून उजवीकडे, फुटपट्टीने मारावी तशी सरळ.

"साहेब, ही रेघ बघा. दोन महिने नदी एका आकड्यावर उभी राहील का? तिला काय अटेन्शनमध्ये उभं केलंय?"

"स्थिर आहे म्हणजे चांगलंच की, ताई."

"उन्हाळ्यात?"

पोरगा वाईट नव्हता. पाणी दिलं, खुर्ची दिली. फोटो एकेक करून बघितले आणि परत देत म्हणाला, "मला पटतंय. पण सिस्टिम फोटो घेत नाही. आणि देखभालीचं कंत्राट संपलंय, नवं व्हायचंय. तोपर्यंत नळीपाशी कुणाला पाठवू?"

"तुम्ही या."

"मी?" त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं. "माझं काम आकडे बघायचं आहे, ताई."

परत येताना स्कूटरवर मागे बसून ती सबंध दीड तास बोलत होती. वाऱ्यामुळे मला निम्मं ऐकू आलं नाही, पण मी अधूनमधून 'बरोबर आहे' म्हणत राहिलो.

दुसऱ्या सकाळी ती नळी साफ करायला उतरली. पट्टीवर तेव्हा जेमतेम अठरा सेंटिमीटर होते. नळीचं तोंड घोटाभर पाण्यात आणि कोपरभर चिखलात. मी पाना घेऊन वर झाकणाचे बोल्ट खोलले, तिने खालून हात घालून गाळ उपसला. हिरवट, घट्ट, वास मारणारा. शेवटचा गोळा निघाला तसं आतलं पाणी भसकन तिच्या अंगावर आलं. चिखलाने माखलेली ती हसत उभी राहिली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली होती.

पंधरा मिनिटांनी मी मोबाइल बघितला. अठरा सेंटिमीटर. लाल. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तासाभराने पुन्हा बघितलं तर दोन मीटर दहा. हिरवा.

तिने ओल्या हातानेच फोन लावला.

"सिस्टिमने तो आकडा नाकारलाय, ताई," सिस्टिमसाहेब म्हणाला. "चोवीस तासांत पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त उतार आला तर सिस्टिम तो बिघाड समजते. मग मागची सरासरी आपोआप भरते."

"म्हणजे नदीने आधी परवानगी घेऊन उतरायचं?"

"हळूहळू उतरली असती तर घेतलं असतं."

"हळूहळूच उतरलीय हो! तुम्ही बघितलं नाहीत!"

"मी मान्य करतो, ताई. पण मला सिस्टिमच्या आत हात घालता येत नाही."

तिने फोन ठेवला आणि पायरीवर बसून राहिली. पाय चिखलात, पदरावर गाळ. मी म्हटलं, चल, अंघोळ कर, चहा घे. ती म्हणाली, "पंधरा म्हणाला ना तो?"

"हो."

"मग आपण चौदा करू."

मला कळायला थोडा वेळ लागला. ती म्हणाली, नळीच्या तोंडाला बूच मारायचं. वरून पाणी ओतून दोन मीटर दहापर्यंत भरायचं. आणि रोज चौदा सेंटिमीटर सोडायचं. सिस्टिमला हळूहळू हवंय ना, तर हळूहळू.

"अगं, हे तर खोटं झालं."

"दोन महिने खोटं चालू आहे ते? मी सिस्टिमला खऱ्यापर्यंत आणून सोडतेय. बोट धरून. तिला उडी मारता येत नाही त्याला मी काय करू?"

बूच मी बनवलं. लाकडाच्या ठोकळ्यावर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि मधोमध एक बारकासा नळ बसवला. नळी भरायला किती पाणी लागलं असेल? एक मोठी बादली आणि वर थोडं. सोळा लिटर. अख्ख्या खात्याची नदी त्या सोळा लिटरांत होती. त्याच्या भरवशावर शंभरेक पंप चालले होते. आणि रोजचे चौदा सेंटिमीटर म्हणजे किती, तर लिटरची एक बाटली आणि वर दोन घोट. रोज सकाळी आठला पट्टी वाचून झाली की ती बुचाचा नळ सोडायची, बाटली भरायची, वरून मी टेपने मोजायचो, आणि बाटलीतलं पाणी ती नदीत ओतून द्यायची.

एक मीटर शहाण्णव. एक मीटर ब्याऐंशी. सिस्टिमने बिनतक्रार घेतले. निळी रेघ वाकली.

या दिवसांत तिचा जो संताप झाला तो मी आधी कधी पाहिला नव्हता. हातात बाटली, आणि समोर नदी रोज खरोखरची आटत चाललेली. पुलापासून खालच्या बांधापर्यंत नुसती डबकी उरली होती. आम्ही मोजली, सात होती. प्रत्येकात मासे दाटलेले, तोंडं वर काढून हवा ओढणारे. काठावर पंपांची घरघर. तिच्या हातात होतं ते एवढंच: आज एक बाटली, उद्या एक बाटली. एकदा तिला राहवलं नाही, म्हणाली, आज दोन सोडू या का? मी म्हटलं, पंधराच्या वर एक सेंटिमीटर गेला तर सिस्टिम परत दोन-दहा भरेल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तिने बाटली पायरीवर आपटली. मग वाकून उचलली.

आठव्या दिवशी नळीत अठ्ठ्याण्णव झाले आणि मोबाइलवर हिरव्याचा पिवळा झाला. नवव्या दिवशी सकाळी धाकटा पुलावर आला. कधी नव्हे ते नदी बघायला. खाली वहिनी बाटली भरत होती, वर मी टेप धरून.

"हे काय चाललंय?"

मी टेप लपवायला गेलो. लपवून लपवणार काय? बायको म्हणाली, "या खाली, भाऊजी. सांगते."

तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, मी हे कार्यालयात कळवलं तर तुमची नोकरी जाईल."

"जाईल."

"माझी आठ हजार रोपं आहेत."

"मला माहीत आहेत. निम्म्यांना मीच पिशव्या भरल्यात."

त्याने पट्टीकडे बघितलं. बारा सेंटिमीटर होते. खालच्या डबक्यात एक मासा उलटा तरंगत होता. धाकटा पायऱ्या चढून निघून गेला.

त्याने कळवलं नाही. पण त्याच दिवशी त्याने भाड्याने दुसरा पंप आणला आणि दोन दिवस दोन्ही पंप लावून आपली टाकी काठोकाठ भरून घेतली. भिंतीपलीकडून ती घरघर आम्हाला ऐकू येत होती. बायकोने ताट पुढे सारलं आणि म्हणाली, "कळवलं असतं तरी बरं झालं असतं."

अकराव्या दिवशी छप्पन्न. लाल. दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर आदेश आला: उपसा तात्काळ बंद. एकेक करत पंप थांबले. संध्याकाळी काठावर इतकी शांतता झाली की मला दुकानात बसून चुकल्यासारखं वाटायला लागलं. पंधराव्या दिवशी तिने बूच काढलं. आत चौदा होते, बाहेर दहा. सिस्टिमने तो चार सेंटिमीटरचा फरकही मुकाट्याने घेतला.

सात डबक्यांपैकी चार त्याआधीच सुकली होती. तीन टिकली. धाकट्याची निम्मी रोपं गेली. तो आमच्याशी दोन महिने बोलला नाही, आणि बायकोही त्याच्याशी बोलली नाही. भिंतीवरून भांड्यांचे आवाज तेवढे यायचे जायचे.

पाणी परत आल्यावर खात्याची आढावा बैठक झाली. सगळ्या मोजणीदारांना बोलावलं होतं. मी बाहेर स्कूटरपाशी थांबलो होतो, त्यामुळे पुढचं तिने सांगितलेलं. मोठ्या साहेबांनी पडद्यावर आमच्याच नदीची निळी रेघ दाखवली. म्हणाले, बघा, यंत्रणेने टंचाई वेळेत कशी टिपली. इतका सुरेख, एकसारखा उतार, रोज बरोबर चौदा सेंटिमीटर. अशी अचूक यंत्रणा असताना हाताने मोजणीची आता गरज उरलेली नाही. मोजणीदारांची पदं पुढच्या वर्षापासून बंद.

टाळ्या वाजल्या. ज्यांची पदं जाणार होती त्यांनीही वाजवल्या. आणि ही उठून उभी राहिली.

"साहेब, तो उतार नदीचा नाही. माझ्या बाटलीचा आहे."

तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाच तक्रारी, गाळ, बूच, बाटली. सिस्टिमसाहेब मान खाली घालून बसला होता. मोठे साहेब शेवटी म्हणाले, "हे इतिवृत्तात घेऊ नका."

"घ्या," ती म्हणाली. "माझ्या नोंदवहीत आहेच."

आठवड्याभरात 'कारणे दाखवा' नोटीस आली. शासकीय उपकरणाशी छेडछाड. उत्तर सात दिवसांत. तिने अडीच पानांचं उत्तर लिहिलं, सोबत रोजचे आकडे जोडले, आणि शेवटी एक ओळ लिहिली: आपल्यापैकी कुणीही एकदा खाली उतरला असता तर मला उतरावं लागलं नसतं. मी म्हटलं, ही ओळ काढ. तिने काढली नाही.

मग चौकशी लागली. चौकशीसाठी अधिकारी प्रत्यक्ष पुलाखाली आला. तीन वर्षांत कार्यालयातून इथे आलेला पहिला माणूस. चकचकीत बुटांनी पायऱ्या उतरला, नळी बघितली, पट्टी बघितली, आणि फॉर्म उघडून म्हणाला, "पातळी सक्षम कर्मचाऱ्याकडून वाचून घ्यायची आहे. इथे सक्षम कर्मचारी कोण?"

"मीच," बायको म्हणाली.

त्याने कपाळावरचा घाम पुसला. "वाचा मग."

तिने वाचली. त्याने लिहून घेतली आणि तिचीच सही घेतली.

ती चौकशी अजून संपलेली नाही. चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्याचं पद रद्द करता येत नाही, असाही एक नियम निघाला. त्यामुळे बाकीच्या सगळ्या मोजणीदारांना घरी पाठवलं, आणि जिच्यावर ठपका आहे ती रोज आठला पट्टी वाचते आहे. लोक तिचं अभिनंदन करतात तेव्हा ती भडकते. "बाकीच्या पुलांखाली कोण बघतंय?" असं विचारते.

सिस्टिमसाहेबाची बदली झाली, लांबच्या एका तलावावर. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. मी दुकानात होतो, ती शेजारी बसून नोंदवही भरत होती.

"ताई, इथली पातळी तीन आठवडे एका आकड्यावर आहे. नळी तुंबली असेल का?"

"तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कार्यालयात."

तिने डोळे मिटले. मला वाटलं आता फोन फेकते. पण तिने एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "आधी तिथून उठा. बूट काढा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडा. आणि पाण्यात उतरल्यावर मला फोन करा, आधी नाही."

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता आणि तो ओरडून सांगत होता की चिखल फार आहे.

"असणारच!" ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "हात घाला आत! अजून! कोपरापर्यंत गेला का?"